मनूचं दप्तर तोलताना

सोमवार, भाद्रपद वद्य पंचमी

ही वही मनूच्या बाबांची. पहिल्या अकरा पानांवर त्यांच्या हातचे आकडे आहेत, कापसाच्या गाड्यांच्या वजनांचे. तिथे हात लावायचा नाही म्हणून वही उलटी धरून मागच्या पानापासून लिहिते. त्यांचं नाव कुठे लिहिणार नाही. तोंडाने कधी घेतलं नाही, ते शाईने कशाला.

मी शाळेत गेलेली नाही. पाठ असलेल्या आरत्यांचा छापील कागद समोर धरून, एकेका शब्दाखाली बोट ठेवत अक्षरं ओळखली. त्यामुळे हात छापल्यासारखंच लिहितो, बोलते तसं येत नाही.

लिहायला कारण झालं. सकाळी जाऊबाई ताक न्यायला आल्या आणि दारातूनच म्हणाल्या, "रुखमे, तुह्या पोरीचं काही खरं नाही. रस्त्यानं वाकडी चालते. उजवा खांदा पार खाली." कुणी पाहिलं म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "यायनं पाहिलं. म्हणत होते, त्या पोरीचं चालणं मले पाहवत नाही. तिले शाळेत कायले धाडता?"

म्हणजे भासऱ्यांनी. उत्तमराव, मनूच्या बाबांचे थोरले भाऊ. वावर-शेत तेच पाहतात, दाणे त्यांच्याच घरून येतात. माझ्या लग्नाला दहा वर्षं झाली, मी त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. बोलायचं नसतं. ते आले की पदर ओढून दाराआड. त्यांचं म्हणणं गीताबाई जाऊबाईंच्या तोंडून माझ्याकडे येतं आणि माझं त्यांच्याच तोंडून तिकडे जातं. वाटेत किती सांडतं, किती भर पडते, कुणाला ठाऊक.

जाऊबाईंनी पुढे सांगितलं, दप्तराच्या ओझ्याने पोरीचा खांदा उतरला आहे, वाकड्या पोरीला कोण पदरात घेईल, दिवाळीपर्यंत सरळ झाली नाही तर शाळा बंद आणि ती कापूस वेचायला त्यांच्यासोबत. हे भासऱ्यांचं की त्यांचं स्वतःचं, ते विचारायचं राहिलं.

शाळा पिंपळगाव राजाला. आमच्या वाडीपासून दीड मैल. मनू सात वर्षांची. मागच्या हंगामात तिच्या बाबांनी खामगावहून पाटी आणून ठेवली होती. म्हणाले होते, मले आकडे येतात, अक्षर येत नाही, हिले दोन्ही येऊ दे. माघात ताप आला आणि नवव्या दिवशी ते गेले. आषाढात मी एकटीने तिला शाळेत घातलं.

एक लिहून ठेवते. मी मनूला शाळेत जाताना पाहिलेलं नाही. जाणाऱ्याच्या पाठीकडे पाहत राहू नये, माणूस परतत नाही, असं सासूबाईंनी पहिल्या वर्षीच सांगितलं. शिदोरी हातात द्यायची आणि घरात वळायचं. मनूचे बाबा सोमवारी पहाटे खामगावला निघत तेव्हाही मी वळतच होते. एकदाही पाहिलं नाही, तरी गेलेच.

मंगळवार

आज पाहिलं. जाऊबाई खोटं बोलल्या नाहीत. मनूचा उजवा खांदा खाली आणि डावा हात अंगापासून लांब. पाहिलं आणि लगेच आत आले.

संध्याकाळी दप्तर घरच्या तागडीवर घातलं. तीन शेर सहा छटाक. एवढं वजन मीच रोज तिच्या खांद्याला अडकवत होते. एकेक वस्तू काढून तोलली. पिशवी बारा छटाक, पाटी चौदा, पाण्याने भरलेला तांब्या शेरभर म्हणजे सोळा, पोत्याचं बसकर सहा, भाकरी आणि चटणी पाच, अंकलिपी आणि लेखण मिळून एक.

पिशवी तिच्या बाबांची. ते खामगावच्या कापूस बाजारात मापारी होते, गाड्या तोलायचे. लहान वजनं ठेवायला त्यांनी जाड किंतानाची पिशवी शिवून घेतली होती. तिला तळाला कातडं आणि पट्ट्याला पितळी कडी. दुसरी पिशवी घरात नव्हती म्हणून तीच दिली. चुकलं.

तांब्या काढला. शाळेत विहीर आहे. दोन शेर सहा छटाक.

शुक्रवार, भाद्रपद वद्य नवमी

शालिग्राम गुरुजींना निरोप पाठवला की पोरीचं बसकर शाळेतच राहू द्याल का. राहू द्या म्हणाले. आता बरोबर दोन शेर.

तरी वाकडीच. पट्टा डाव्या खांद्यावर घालून पाठवलं तर चार पावलांवर तिने तो उजवीकडे घेतला. दोन्ही खांद्यांतून दोन पट्टे काढून पाठीला बांधलं. जाऊबाई हसल्या, म्हणाल्या, तट्टाचं खोगीर पाहून घ्या. मनू तशीच निघाली. परत आली तेव्हा एक पट्टा सोडलेला होता आणि पिशवी उजव्या खांद्यावर.

मी विचारलं, दुखते का? नाही म्हणाली. मग अशी काऊन चालते? "कशी?" म्हणाली. तिला खरंच कळलं नाही की कळू द्यायचं नाही, हे मला कळलं नाही.

गुरुवार, अमावस्या

सर्वपित्री. वर्ष झालेलं नाही म्हणून यंदा मनूच्या बाबांचं पान नाही. जाऊबाईंकडे सासऱ्यांचं पान होतं, कढी आणि वडे त्यांनी पाठवले. मनूने दोन वडे खाल्ले आणि तिसरा ठेवला. कुणासाठी ते मी विचारलं नाही.

सकाळी दारातून एक पाहिलं. मनू भासऱ्यांच्या खळ्याजवळून जाते. ते तिथे दावं वळत बसले होते. ती जवळ आली तसे उठले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, ती वळणाच्या आंब्यापलीकडे जाईपर्यंत. एवढा राग. भावाची एकुलती एक पोर आहे, काही नसलं तरी तोंड फिरवू नये.

तांब्या काढला, बसकर काढलं, हे जाऊबाईंकरवी त्यांना कळवलं. "सांगते" म्हणाल्या. सांगितलं की नाही कोण जाणे.

मंगळवार, अश्विन शुद्ध पंचमी

पाटी बदलली. पिंपळगावच्या बाजारात पत्र्याची लहान पाटी मिळाली, पाच छटाकाची. मोठी दगडी पाटी तिच्या बाबांनी आणलेली, ती उतरंडीमागे ठेवली. मनू रडेल असं वाटलं होतं. तिने नव्या पाटीवर थुंकी लावून पुसून पाहिलं, चांगली पुसते म्हणाली. झालं एवढंच.

एक शेर सात छटाक. तरी खांदा खालीच. निम्म्याहून जास्त ओझं गेलं आणि पोर तिळभर सरळ झाली नाही. मला तागडीचाच संशय आला, म्हणून पायलीभर ज्वारी तोलून पाहिली. तागडी बरोबर आहे.

रविवार, दसरा

पाटीवर सरस्वती काढली. हत्यार म्हणून मनूच्या बाबांचा काटा आड्यावरून उतरवून पुजला. काटा म्हणजे कापूस तोलायची लोखंडी दांडी, साखळ्यांसकट चांगली जड. त्यांचा स्वतःचा होता, दुसऱ्याच्या काट्याने ते तोलत नसत. खांद्यावर घेऊन पिंपळगावापर्यंत पायी जायचे, तिथून खामगावची गाडी. शनिवारी परत यायचे तेव्हा अंधार पडलेला असे. उजव्या खांद्यावर आवळ्याएवढी गाठ झाली होती. दर शनिवारी मी तिला तेल लावत असे. ती गाठ माझ्या बोटांना अजून माहीत आहे.

मनूने काट्याच्या टोकाला कुंकू लावलं आणि टोक उचलून पाहिलं. हललं नाही.

दुपारी पोरं सोनं लुटायला धावली. मनू त्यांच्यात धावत होती, तिरासारखी सरळ, दोन्ही खांदे सारखे. मी अंगणात उभी राहून पाहतच राहिले. पाठीवर काही नव्हतं म्हणून सरळ, असं मनाशी म्हटलं. म्हणजे ओझंच. मग कमी केल्याने फरक का पडत नाही? आणि पाण्याची कळशी कडेवर घेऊन येते तेव्हा तिचा डावा खांदा खाली असतो. हे काहीच जुळत नाही.

शनिवार, अश्विन वद्य प्रतिपदा

गुरुजी इकडे कुणाकडे पूजेला आले होते, जाताना दारात थांबले. मी चौकटीआडून विचारलं, शाळेत ती कशी चालते. म्हणाले, चालते म्हणजे? सगळ्यांसारखी. फळ्यापर्यंत येते, पाटी दाखवते, जाते. वाकडी नाही? नाही म्हणाले. वाचायला मात्र पुढे आहे, अंकलिपी संपवत आणली आहे म्हणाले.

मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल, पण त्याआधी भीती वाटली. शाळेत सरळ, खेळात सरळ, आणि फक्त आमच्या रस्त्यावर वाकडी. रस्त्याला काही आहे का? आंब्याखाली लिंबू उतरवून आले. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, पण उतरवलं.

बुधवार, अश्विन वद्य पंचमी

मोताळ्याला हाडं बसवणारे रामराव म्हणून आहेत. शेजारच्या गाडीने मनूला घेऊन गेले. त्यांनी खांदा, पाठ, माकडहाड सगळं दाबून पाहिलं. मनूला गुदगुल्या झाल्या. म्हणाले, "बाई, पोरीले काही नाही झालं. हाड कवळं हाय, पण सरळ हाय. मात्र असंच चालत राह्यली तं उद्या तसंच राहीन."

त्यांच्यासमोर चालून दाखव म्हटलं तर ती सरळ चालली. मी खोटी पडले. येताना गाडीत मनू माझ्या मांडीवर झोपली आणि मी तिचे दोन्ही खांदे हाताने मोजत बसले. सारखेच.

रविवार, अश्विन वद्य नवमी

पिशवीच उरली होती. तिच्या बाबांचं एक धोतर होतं. त्यातलं फाटकं टाकून चांगल्या भागाची नवी शिवली. दोन छटाक. मनूला म्हटलं, आता ही.

पाटीला न रडलेली पोर यासाठी रडली. जमिनीवर बसून, जुनी पिशवी पोटाशी धरून. मला राग आला. म्हटलं, हेही तुझ्या बाबांचंच आहे, धोतर आहे त्यांचं, माझ्या पेटीतलं. "हिचा आवाज येत नाही," म्हणाली. कसला आवाज? तिने पट्ट्यावरची पितळी कडी वाजवून दाखवली.

पोरांचं काय असतं ते पोरांनाच ठाऊक. कडी उसवली आणि नव्या पिशवीला शिवली. मग उठली.

सगळं मिळून तेरा छटाक. याहून हलकं दप्तर सगळ्या शाळेत नसेल.

सोमवार

वाकडीच. कडी वाजवत गेली.

सोमवार, भाऊबीज

दिवाळीत काही केलं नाही. पहिलं वर्ष आहे. मनूने एक पणती लावायची परवानगी मागितली, ती दिली.

आज जाऊबाई सांगून गेल्या, वेचणी सुरू झाली, शुक्रवारपासून मनूला त्यांच्याकडे धाडायची. मी म्हटलं, दप्तर तेरा छटाकांवर आणलं, हाडवाल्याला दाखवलं, तो काही नाही म्हणतो. जाऊबाई म्हणाल्या, "माहं काय जाते? यायनं पुन्हा म्हटलं, पाहवत नाही. मी म्हटलं, पोरीची शाळाच सोडवून टाकू. तं गप बसले. गप म्हंजे हो."

त्या वाईट नाहीत. माझं बाळंतपण त्यांनीच केलं. पण हा होकार नक्की कुणाचा? मला भासऱ्यांच्या तोंडून ऐकायचं आहे, आणि ते तोंड माझ्यासाठी नाही.

रात्रभर एकच विचार होता, तेरा छटाकांतून आणखी काय काढता येईल.

गुरुवार, कार्तिक शुद्ध पंचमी

आज जे घडलं ते क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

शाळा आज उघडली. मी दप्तर उलटं केलं. पाटी, अंकलिपी, लेखण, भाकरी सगळं काढून माझ्या पदराला बांधलं. मनूच्या खांद्यावर रिकामी पिशवी अडकवली. म्हटलं, तू चल, मी मागून सामान आणते. तिने पिशवीत डोकावून पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघाली.

मी दहा पावलं मागे. तिच्या पाठीवरून डोळे काढले नाहीत. खळ्यापर्यंत येते न येते तोच खांदा उतरला. पिशवीत काही नाही आणि खांदा खाली, डावा हात लांब, कडी वाजते आहे. म्हणजे ओझं नव्हतंच. मग दीड महिना मी काय काढत होते?

खळ्यावर भासरे गाडीत कापूस भरत होते. मनू दिसली तशी त्यांनी पाठ फिरवली आणि बैलाच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. ती गेली. मी तिथे थांबले. पदर ओढला की नाही आठवत नाही. मी बोलले. दहा वर्षांत पहिल्यांदा.

म्हटलं, "दप्तर रिकामं हाय. हे पाहा, सामान माह्या पदरात हाय. आता आणखी काय काढू?"

ते वळले नाहीत. मला वाटलं, ओरडतील. बैलालाच सांगितल्यासारखे म्हणाले, "मले माहीत हाय. पोरीच्या खांद्यावर वझं नाही. तो तुळशीराम चालला."

त्यांनी बैलाच्या मानेवरून हात फिरवला.

"काटा घेऊन निंघे तं असाच निंघे. उजवा खांदा खाली, डावा हात लांब. पिशवीची कडी वाजे. तेरा वर्षं दर सोमवारी मी इथून पाहिला त्याले. आता रोज सकाळी भाऊ पाठ करून जाते, बाई. मानसानं किती पाहावं?"

मी विचारलं, "मंग शाळा बंद करा म्हटलं ते?"

"मी म्हटलं, पाहवत नाही. आणखी काय म्हटलं? बाकीचं घरातनं झालं. मी नाही म्हटलं नाही, ते चुकलं माहं." मग म्हणाले, "जाऊ द्या तिले शाळेत. वेचायले बाया भेटतात."

एवढं बोलून ते वळले. माझ्याकडे नाही, रस्त्याकडे. मनू आंब्याजवळ पोचली होती. ती पलीकडे जाईपर्यंत ते पाहत राहिले आणि मीही पाहत राहिले. भाऊ त्यांचा होता, नवरा माझा होता. ते चालणं त्यांना ओळखू आलं आणि मला नाही. मी गाठ ओळखत होते. चालणं मी कधी पाहिलंच नव्हतं, मी आत वळत होते.

सामान शाळेत नेऊन दिलं. मनू दारापर्यंत घ्यायला आली, सरळ.

संध्याकाळी तिला जवळ घेऊन विचारलं. तिने लपवलं नाही. म्हणाली, बाबा निघाले की ती मागच्या दाराने निघून त्यांच्या मागे आंब्यापर्यंत जायची. "ते म्हणत, माह्या पावलावर पाय ठेव, चिखल लागत नाही. मी ठेवू. मंग आंब्यापासून म्हणत, जाय आता, माय पाहीन." मी पाहत नव्हते, हे दोघांनाही माहीत असणार.

आणि आता? विचारलं.

"आता आठवून आठवून चालते," म्हणाली.

सोमवार, कार्तिक शुद्ध नवमी

चार दिवस काही लिहिलं नाही. जाऊबाई काल आल्या होत्या. वेचणीचा विषय काढला नाही. जाताना मनूच्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, तुही माय लय बोलकी झाली बा.

मनूने जुनी किंतानाची पिशवी मागितली. दिली. कडी पुन्हा तिला लावली. पाटी पत्र्याचीच घेते म्हणाली. दगडी पाटी मी माझ्यासाठी ठेवली आहे. हे सगळं आज तोललं नाही.

सरळ चाल म्हणून सांगावं की नाही, माझं ठरत नाही. रामराव म्हणाले तसं हाड तसंच राहिलं तर? आणि सांगितलं आणि तिने ऐकलं तर? कुणाला विचारावं असंही माणूस नाही. भासऱ्यांना विचारता येईल आता, पण त्यांनाही ठाऊक नसेल.

गुरुवारचं पान वाचलं. त्यात नाव आलं आहे. बोलणं भासऱ्यांचं, पण हात माझा होता. खोडायला टाक उचलला आणि खाली ठेवला. राहू दे.

आज मनूला शिदोरी दिली आणि मी आत वळले नाही. उंबऱ्यात उभी राहिले. खळ्यावर भासरे होते, त्यांनीही काम थांबवलं. ती आंब्यापर्यंत दिसली. मग थोडा वेळ कडी ऐकू येत होती, मग तीही नाही. दिवसभर हाताला काम सुचलं नाही.

संध्याकाळी परत आली. भूक लागली म्हणाली.